कर्नाळ्याच्या चढावर बंद पडणारी गाडी

तुम्ही आजोबांची मोटारसायकल पाहिली आहे, पण उभी असलेली. मागच्या सुट्टीत विचुंब्याच्या आपल्या पार्किंगमध्ये ती कापडाखाली होती आणि धाकट्याने कापडाचं टोक उचलून विचारलं होतं, "आत हत्ती आहे का?" तसं म्हणायला हरकत नाही. ती जड आहे. पेट्रोलची टाकी मोठी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पत्र्याच्या पेट्या, आणि मागची सीट एवढी ऐसपैस की माझ्यासारख्या बाईलाही त्यावर दिवसभर बसता येतं. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली गाडी ती. ते मॉडेल आता निघत नाही. तुमची आई लहान असताना टाकीवर पुढे बसायची, मी मागे, आणि आम्ही तिघं त्या गाडीवर गोव्याला जाऊन आलो आहोत. आईला विचारा. तिला गोवा आठवत नाही, टाकी गरम लागायची तेवढं आठवतं.

अशी जुनी गाडी नुसती घरात असून चालत नाही, ती राखावी लागते. आजोबा ती कशी राखतात हे तुम्ही कधी पाहिलेलं नाही म्हणून सांगते.

शनिवारी सकाळी चहा झाला की ते जुनी चादर आणि माझं एक स्टीलचं ताट घेऊन खाली जातात. ते ताट आता स्वयंपाकघराचं राहिलेलं नाही. गाडीचा जो स्क्रू आधी निघेल तो ताटात घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवायचा, पुढचा एकच्या जागी, आणि असं फिरत यायचं. जोडताना उलट्या क्रमाने यायचं. त्यामुळे आजोबांनी काही उघडून परत बसवलं आणि एक स्क्रू हातात उरला, असं आमच्या संसारात कधी झालेलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवलं. वाक्यातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी बसला की मला बरं वाटतं. ते ताट पाहूनही मला तसंच बरं वाटतं.

काही कामं ते गाडी थंड असतानाच करतात, म्हणून आंघोळीच्या आधी. चेन ढिली झाली आहे का ते बोटाने वरखाली करून बघतात. इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात, डॉक्टर छाती तपासतात तसं. मग मला म्हणतात, "ऐक." मी ऐकते. मला खडखड ऐकू येते. ते म्हणतात, "ही खडखड चांगली आहे." चांगल्या आणि वाईट खडखडीतला फरक मला अजून कळलेला नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळतो. काम झालं की साबणात साखर घालून हात चोळतात. साखरेने काळं ग्रीस निघतं, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि आता तव्यांसाठी वापरते.

त्यांचा एक नियम आहे. आयुष्यभर कारखान्यात मशीन दुरुस्त केल्यामुळे आला असेल. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे बरं झालं ते कळत नाही, आणि जे कळलं नाही ते दुरुस्त झालं असं म्हणायचं नाही. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

दिवाळीनंतर गाडी रस्त्यात बंद पडू लागली.

महिन्यातून एकदा आम्ही गाडीवर पेणला जातो. पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागायचं, कर्नाळ्याचा चढ चढायचा, पेणला चहा प्यायचा, पोह्याचे पापड घ्यायचे आणि परत यायचं. त्या दिवशी कर्नाळ्याच्या चढावर इंजिनाने दोनतीन आचके दिले आणि ते गप्प झालं. आमच्या मागे कंटेनरचा ट्रेलर होता. त्याने इतक्या जवळून हॉर्न दिला की तो मला पाठीत लागल्यासारखा वाटला. आजोबांनी गाडी कडेला घेतली, मला उतरवलं आणि कामाला लागले. आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का ते पाहिलं. भरपूर होतं. झाकण लावलं. मग प्लग काढला, पुसला, बसवला. किक मारली आणि गाडी चालू.

"प्लग," ते म्हणाले. आम्ही तिथूनच मागे फिरलो आणि घरी येऊन त्यांनी नवा प्लग घातला.

पुढच्या वेळी गाडी साधारण तिथेच बंद पडली. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. या वेळी त्यांनी कॉइलला हात लावला. कॉइल म्हणजे ठिणगी तयार करणारा भाग. ती तापली होती. जुनी कॉइल तापली की दगा देते आणि निवली की परत चालते, म्हणून ते थोडं थांबले. मग किक मारली, चालू. घरी येऊन कॉइल बदलली. त्यानंतर पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पेट्रोलची नळी बदलली. दर वेळी एकच गोष्ट, नियमाप्रमाणे. पार्किंगमध्ये गाडी कितीही वेळ चालू ठेवली तरी बंद पडत नसे. मला घेऊन निघाले की कर्नाळा जवळ येताना तेच.

तिथे चढाच्या खाली एक बाई वालाच्या शेंगा विकायला बसते. आमची तिची ओळखच झाली.

"परत पडली का बंद?" तिने विचारलं.

"पडली," आजोबा म्हणाले.

"पेट्रोल नाय काय त्यात?"

"आहे ना."

ती माझ्याकडे वळली. "बाय, तू या वयात फटफटीवर बसतेस? आमचा म्हातारा एसटीत चढायला पन भितो."

"मग तुम्ही त्यांना घेऊन कशा जाता?"

"नाय नेत. घरीच ठेवतो. शेंगा सोलायला बरा हाय."

आजोबांना हसू आलं नाही. एरवी आलं असतं. त्या दिवसांत त्यांचं वेगळंच काही चाललं होतं. घराला कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन कुलूप ओढून बघायचे. गॅस बंद केला का, हे मला दोनदा विचारायचे. शेजाऱ्यांचा मिक्सर बिघडला की नेहमी त्यांच्याकडे यायचा, या वेळी त्यांनी तो बघितलाही नाही. "दुकानात दाखवा," म्हणाले. ज्या माणसाने चार दशकं मोठमोठी मशीनं चालू ठेवली, त्याला आपल्या हातांची खात्री वाटेनाशी झाली होती. गाडी बंद पडते याचं मला फार वाटत नव्हतं. याचं वाटत होतं.

रविवारच्या फोनवर त्यांनी तुमच्या आईला सगळं सांगितलं. ट्रेलरचंसुद्धा. मी सांगितलं नसतं. पण तिच्यापासून काही लपवायचं नाही असं त्यांचं आहे, आणि ते ती लहान असल्यापासून आहे.

तुमची आई म्हणाली, "बाबा, तू एकटा पडलास तर पड. आईला घेऊन पडू नकोस."

"अजून कोणी पडलेलं नाही."

"ट्रेलर मागे होता ना?"

आजोबांनी हो म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "ठीक आहे. शब्द देतो. आई मागे बसलेली असताना अजून एकदा जरी बंद पडली, तर गाडी विकून टाकतो."

गिऱ्हाईक तयारच होतं. बंदराजवळच्या द्रोणागिरीला एका गोदामात काम करणारा तिशी ओलांडलेला माणूस, जुन्या गाड्यांचा शौकीन. तो वर्षभर मागे लागला होता. आजोबांनी त्याला फोन करून पुढच्या रविवारी गाडी नुसती बघायला बोलावलं. फोन ठेवला आणि खाली जाऊन गाडीवरचं कापड नीट केलं. ते नीटच होतं.

मग दोनतीन दिवस मी विचार करत होते. मला मशीनमधलं काही कळत नाही, पण घडलेली गोष्ट क्रमाने सांगता येते. मुलांना निबंध शिकवताना मी तेच सांगायचे, आधी काय झालं, मग काय झालं, मधलं गाळू नका. बुधवारी वाटाणे सोलता सोलता मी आजोबांना म्हटलं, "अहो, कर्नाळ्याला गाडी बंद पडली की तुम्ही काय काय करता, ते सांगा बरं. काही न गाळता."

"प्लग बघतो. एकदा कॉइल निवू दिली. एकदा नळी बघितली."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही."

"आधी टाकीचं झाकण उघडता."

"ते पेट्रोल बघायला. ते काय करणं झालं?"

"पण करता ना? दर वेळी करता. म्हणजे एका वेळी दोन गोष्टी झाल्या. तुमच्याच नियमाप्रमाणे प्लगने बरी झाली, कॉइलने बरी झाली, असं म्हणता येत नाही."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचा हा गुण मी किती वर्षं पाहते आहे, तरी मला अजून त्याचं नवल वाटतं. कोणी चूक दाखवली की दुसरी माणसं आधी बाजू मांडतात. आजोबा चूक हातात घेऊन उलटीसुलटी करून बघतात, एखादा सुटा भाग बघावा तशी. मग म्हणाले, "बरोबर आहे. आता झाकण न उघडता बघायला हवं."

"उद्या जाऊ."

"मी एकटा जातो."

"एकटे गेलात तर उघडाल. हात आपोआप जातो तुमचा. मी बघितलंय."

"तू मागे असताना बंद पडली तर विकायची असं कबूल केलंय मी."

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

त्यावर ते नुसते वाटाणे सोलत राहिले. मला रिक्षाने मागून यायला सांगावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, हे त्यांनी नंतर सांगितलं. पण मी मागे नसताना गाडी बंद पडली नाही तर काय सिद्ध होणार? वजन बदलतं, वेग बदलतो, म्हणजे पुन्हा दोन गोष्टी. शेवटी सगळं सोलून झाल्यावर म्हणाले, "हेल्मेटचा पट्टा नीट लाव उद्या. मागच्या वेळी ढिला होता."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर निघालो. पळस्पे गेलं, शिरढोण गेलं, आणि कर्नाळा दिसू लागला तसे इंजिनाने आचके दिले. या वेळी आजोबा तयार होते. चढ सुरू होण्याआधीच त्यांनी गाडी कडेला घेतली आणि ती थांबली.

त्यांचा हात टाकीकडे गेला. मी मागून मनगट धरलं. शेंगावाली बघत होती. ती म्हणाली, "मारू नको गो त्याला. गाडीच ती."

आम्ही झाडाखाली बसलो. तिच्याकडून शेंगा घेतल्या, म्हणजे बसायला निमित्त. मधून मधून आजोबा उठून कॉइलला हात लावून येत. गरम, कोमट, मग गार. इंजिनही निवलं. कॉइलचा दोष असता तर आता गाडी चालू व्हायला हवी होती. त्यांनी किक मारली. परत मारली. त्या वयात एवढ्या जड गाडीला इतक्या किका मारणं सोपं नाही, पण ते मोजून मापून, दम घेत मारत होते. गाडी चालू झाली नाही. आणि गंमत अशी की ती चालू होत नव्हती तसतसा त्यांचा चेहरा उजळत होता.

"आता उघडू?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं.

"उघडा."

त्यांनी झाकण फिरवलं आणि आत हवा ओढली गेल्याचा आवाज आला. गरम मुरांबा भरून घट्ट लावलेली बरणी महिन्याने उघडताना येतो ना, तसाच, फक्त मोठा. आजोबांनी झाकण पुन्हा लावलं. आणखी कशालाही हात लावला नाही. किक मारली. पहिल्याच किकेला गाडी चालू झाली.

तुम्हाला कारण सांगते. आपण तेलाचा मोठा डबा उघडतो तेव्हा वर दोन भोकं पाडतो. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून हवा आत जाते. एकच भोक पाडलं तर तेल थोडं येतं आणि अडतं. गाडीच्या टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली इंजिनाकडे जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. ते बुजलं तर गाडी काही अंतर जाते आणि मग पेट्रोल उतरेनासं होतं. नुसतं झाकण उघडलं की हवा आत जाते आणि सगळं सुरळीत. म्हणजे आजोबा दर वेळी पेट्रोल बघताना गाडी बरी करत होते आणि श्रेय प्लगला देत होते. पार्किंगमध्ये गाडी जागच्या जागी चालते तेव्हा पेट्रोल इतकं कमी लागतं, की ते अडण्याची वेळच येत नसावी.

आता भोक बुजलं कशाने, ते ऐका. दसऱ्याला आपण वाहनांची पूजा करतो. आजोबा देवघरात फारसे जात नाहीत, पण दसऱ्याला गाडीची आणि पान्यांची पूजा ते स्वतः करतात, झेंडूचा हार घालतात आणि टाकीच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. आदल्या वर्षी पाण्यात कालवलेलं कुंकू पावसाच्या सरीने ओघळलं आणि लग्नाला जाताना त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उतरलं. म्हणून या वर्षी त्यांनी सुधारणा केली. खिडकीच्या चौकटीला लावून उरलेलं वार्निश होतं, त्यात कुंकू कालवलं. स्वस्तिक फारच सुंदर आलं होतं. चकचकीत, रेघा सरळ, चार ठिपके चार घरांत. त्याचा मधला छेद बरोबर त्या भोकावर होता.

त्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून झाकण उन्हात धरलं, नखाने कुंकू खरवडलं आणि हसू लागले. कितीतरी दिवसांनी.

शेंगावालीने विचारलं, "सापडलं काय?"

"देवाने नाक दाबलं होतं," आजोबा म्हणाले.

"देव नाय दाबत," ती म्हणाली, "मानूस दाबतो."

पण घरी येताना ते पुन्हा गंभीर झाले. मी कारण विचारलं नाही. गाडी माझ्यासह बंद पडली होती आणि शब्द दिलेला होता. मी म्हणाले असते, की आपण मुद्दाम बंद पडू दिली, ती बंद पडणं नव्हे. हे खरंही आहे. पण सवलत ते स्वतःला देत नाहीत, दुसऱ्याला देतात. संध्याकाळी, रविवारची वाट न बघता, त्यांनी तुमच्या आईला फोन लावला. तुमच्याकडे सकाळ होती, तुम्ही दोघं टेबलाशी दूध पीत होता. तुम्हाला आठवत असेल, धाकट्याने पडद्यात तोंड घालून विचारलं होतं, "आजोबा, बाईक डेड आहे?"

आजोबांनी क्रमाने सगळं सांगितलं. आई मागे होती, गाडी बंद पडली, बिघाड सापडला. "शब्द शब्दच," ते म्हणाले. "रविवारी तो माणूस येतोय. तू म्हणशील तसं."

तुमच्या आईने तुमचे दुधाचे पेले बाजूला सरकवले. मग म्हणाली, "मला सांगितलंच नसतंस तर?"

"तर मग तू पुढच्या वेळी विश्वास कशावर ठेवला असतास?"

"बरं. झाकणाला वार्निश कोणी लावलं?"

"मी."

"तू इंजिनिअर ना?"

"रिटायर्ड."

"मग चूक गाडीची नाही. विकायचं तर तुला विकायला हवं."

मी मागून म्हटलं, "गिऱ्हाईक मिळणार नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून आहे."

ती हसली, पण लगेच आवाज बदलला. ती म्हणाली, "बाबा, तुझा शब्द मी परत देते. पण मागे बसायचं की नाही ते तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. आई ठरवेल."

मला असं एकदम अधिकारपद मिळालं. मी ते गंभीरपणे घेतलं. आजोबांनी झाकण रॉकेलमध्ये भिजवून ठेवलं, बारीक तारेने भोक मोकळं केलं आणि फुंकर मारून माझ्या गालावर हवा येते का ते मला सांगायला लावलं. येत होती. शनिवारी मी त्यांना एकट्याला पेणला पाठवलं. अट एकच, झाकण उघडायचं नाही. ते गेले. मी स्वयंपाक केला, पेपर वाचला, तोच पेपर पुन्हा वाचला. ते पापड घेऊन आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "नाही पडली. नाही उघडलं."

रविवारी द्रोणागिरीचा माणूस आला. त्याला नाही म्हणायचं होतं आणि ते आजोबांनी त्याला बसवून, चहा देऊन, स्पष्ट म्हटलं. तो हिरमुसला. मग बिघाड काय होता ते विचारून घेतलं आणि ऐकता ऐकता उठून खाली स्वतःच्या गाडीकडे गेला. वर येऊन म्हणाला, "काका, माझ्या पण झाकणावर आहे. आमच्या हिने काढलंय."

"कशात कालवलंय?" आजोबांनी विचारलं.

"पाण्यात."

"शहाणी आहे," आजोबा म्हणाले. त्या दिवशी शेजाऱ्यांचा मिक्सरही त्यांनी स्वतः जाऊन मागून आणला.

माझा निर्णय मी त्यानंतर आठवडाभराने सांगितला. घाई केली नाही. सकाळी उठले, ड्रेस घातला, हेल्मेट घेतलं आणि खाली जाऊन गाडीपाशी उभी राहिले. आजोबा जिना उतरून आले, मला पाहिलं आणि गाडी स्टँडवरून काढली.

कर्नाळा जवळ आला तेव्हा त्यांचे खांदे ताठ झालेले मला मागून कळले. ते ऐकत होते. मीही ऐकत होते. चढ लागला. मागे एक ट्रेलर होताच, त्या रस्त्याला असतोच. त्यांनी गिअर बदलला, आवाज खोल झाला आणि तसाच राहिला. वळण आलं, गेलं. झाडीतून गार वारा आला. चढ संपून रस्ता पेणच्या बाजूला उतरू लागला तसे त्यांचे खांदे खाली आले, आणि मग त्यांनी वेग वाढवला, त्या वयाच्या माणसाने वाढवू नये इतका. मला ते कळत होतं. मी त्यांच्या पाठीवर ठेवलेला हात तसाच राहू दिला.